खाडीकाठचा माणूस

पेन्शनीत गेल्यावर मी ठाण्याच्या एका गुरुजींकडे तैलरंग शिकू लागलो. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत टर्पेंटाइनचा वास भरला, तेव्हा सौ.ने आधी गॅस तपासला, मग मला.

गुरुजींनी पहिल्याच दिवशी जर्मन चित्रकार फ्रीडरिखचे चित्र दाखवले. १८०८ ते १८१० या काळातले, रोमँटिक पंथाचे. बहुतेक सगळे आभाळच. खाली काळा समुद्र आणि काठावर नखाएवढा एक संन्यासी. मला तसेच काढायचे होते. आता आमच्याकडे समुद्र येतो तो भरतीबरोबर खाडीतून. म्हणून कल्याणची खाडी घेतली, दुर्गाडी किल्ल्याजवळची.

"खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ, जवसाचे तेल वरच्या थरांत," गुरुजींनी बजावले होते. मी घाईने नेमके उलटे केले. वरचा रंग आधी वाळला, खालचा वाळायचाच होता. काही महिन्यांत माझ्या आभाळाला भेगा पडल्या! (कारकुनी हाताला घाई शोभत नाही, हे सौ.चे मत.)

दुसऱ्या कॅनव्हासला वर्ष लागले. शेवटी काठावर एक माणूस काढला. लहानपणी वडील कचेरीतून आले की मला तिथे नेत आणि पाण्याकडे बघत उभे राहत. मी भेळेसाठी त्यांचा हात ओढी. काय बघता, हे कधी विचारले नाही.

सौ. चहा घेऊन आली. बोटभर आकृतीचा उतरता डावा खांदा तिने निरखला.

"मामंजी ना हे?"

मी ब्रश पुसत राहिलो.