किती आणि कुठे

कार्बन नॅनोट्यूबवरचं अधिशोषण मोजणाऱ्याच्या हाती मुळात एकच आकडा येतो. मोजलेला वायू थंड कुपीत सोडायचा, दाब स्थिरावेपर्यंत थांबायचं, आणि मोकळा उरला नाही तेवढा नळ्यांनी धरला असं मानायचं. वायू किती बसला हे कळलं. कुठे बसला, ते या आकड्यात नाही. ते हुडकणं हीच या कामातली खरी कारागिरी, आणि ती तापमान कायम ठेवून, दाब थोडाथोडा वाढवत काढलेल्या आलेखात होते. नळ्या सहसा सुट्या नसतात, त्यांच्या जुड्या असतात. जुडीच्या अंगावर दोन नळ्या टेकतात तिथे खोबण तयार होते. तिथे बसलेल्या, समजा झेनॉनच्या, अणूला दोन्हीकडचे कार्बन ओढतात, म्हणून सपाट ग्राफाइटपेक्षाही तो घट्ट बसतो. साहजिकच आधी, अगदी कमी दाबाला, खोबणी रांगेने भरतात. नळ्यांची बाहेरची गोलाई नंतर. आलेखावर या दोन निरनिराळ्या चढणी उमटतात.

पहिली चढण खोबणीचीच कशावरून, हा आक्षेप मला रास्त वाटतो. सगळ्या नळ्या एका जाडीच्या असत्या तर जुडीच्या पोटातल्या फटी झेनॉनला अरुंद पडल्या असत्या. प्रत्यक्षात नळ्या लहानमोठ्या असतात, रचना विस्कटते, आणि रुंद राहिलेल्या फटीतही अणूला चहूबाजूंनी आधार मिळतो. म्हणून एकाच वायूवर थांबू नये. त्याच नमुन्यावर लहानमोठ्या आकाराचे वायू बसवून पाहावेत, नळ्यांची बंद टोकं उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर मोजावं. २०१० मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तर जुडीच टाळली. त्यांनी एकच नळी ताणून कंपित केली. अणू जडले की तारेवर वजन पडावं तशी तिची कंपनसंख्या उतरते. क्रिप्टॉनचा घन थर कार्बनच्या जाळीशी जुळवून घेत बसतो, हे त्यातून दिसलं. मग जुड्यांवर वेळ का घालवायचा? कारण एकट्या नळीला खोबण नसते, आणि वायू साठवायला भुकटी लागते, तीत जुड्याच असतात.

‘कुठे’ न विचारल्याची किंमत हायड्रोजनने दाखवली. १९९७ साली ‘नेचर’मध्ये, शुद्ध नळ्यांत वजनाच्या ५ ते १० टक्के हायड्रोजन मावेल असा अंदाज छापून आला. मोजमाप मात्र नळ्या मिसळलेल्या काजळीवर झालं होतं, आणि तीत नळ्यांचं प्रमाण अत्यल्प होतं. पुढे अल्ट्रासाउंडने नळ्या तोडून केलेल्या प्रयोगांतही मोठे आकडे आले. २००१ साली जर्मनीत झालेल्या तपासणीत दिसलं, की अल्ट्रासाउंडच्या दांड्यातून टायटॅनियमच्या मिश्रधातूचे कण नमुन्यात झडत होते, आणि हायड्रोजन त्या कणांनी शोषला होता.