कालव्याकाठची सावली

सायकल चालवणाऱ्याला सावली आधी अंगाला कळते, मग डोळ्यांना. झाडाखाली शिरताच मानेवरचा ताण सुटतो, पायांना नवं बळ येतं, आणि झाड संपलं की पुढच्या झाडापर्यंतचं अंतर मन मोजू लागतं. हा हिशेब मी शाळेत असल्यापासून करत आले आहे.

आमचं गाव माळेगाव, शाळा बारामतीत. वाट नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून. घरी सगळे त्याला कॅनॉल म्हणत. मार्च सरला की डांबरी रस्ता चटके द्यायचा, म्हणून आम्ही मुली कॅनॉलच्या कडेनं जायचो. बाभळी, करंज, मध्येच एखादा लिंब. बाभळीची सावली विरळ आणि हलती, पण आवर्तन सुटलेलं असलं की पाण्यावरून येणारा वारा तिच्याखाली गार लागे. आवर्तन बंद असलं तर कोरडा कॅनॉल तापायचा आणि तीच वाट नकोशी व्हायची. सावलीला पाण्याची जोड लागते, हे मला भूगोलाच्या पुस्तकाआधी तिथं समजलं.

आजी रोज बजावायची, “बाराच्या आत घरी ये गं बाई.” उन्हाची तिची भीती ऐकीव नव्हती. 1972च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. दुपारच्या सुट्टीत बसायला झाड नसे. बायका रिकाम्या पाट्या डोक्यावर उपड्या धरून बसत, तान्ही मुलं बैलगाडीखाली निजवत. सुकडी मिळे ती उन्हातच खायची. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नसायची, पण बोलणं झाल्यावर ती उठून माठाकडे जायची. आमचा कॅनॉलही दुष्काळानंच खोदवला. 1876च्या दुष्काळात त्याचं काम सुरू झालं आणि 1885च्या सुमारास पाणी वाहू लागलं. भाटघरच्या धरणात घाटमाथ्याचा पाऊस अडतो आणि जिथं पाऊस पडत नाही तिथल्या उसापर्यंत पोचतो. ज्यांनी हा कॅनॉल खोदला त्यांच्या डोक्यावर काय होतं, हा प्रश्न आजीमुळं मला पडला आणि पुढं कुठलाही कालवा पाहताना तो सुटला नाही.

पुण्यात नोकरीला लागल्यावर सायकल टिकली, झाडं टिकली नाहीत. साताऱ्याच्या रस्त्यावरचे वड चौपदरीकरणात गेले. काचा लावून गाडीत बसलेल्यांना त्याचं फारसं काही वाटलं नसेल. मला आजही त्या रस्त्यानं जाताना वडांच्या जागा आठवतात.

मैत्रिणीबरोबर दक्षिण फ्रान्समध्ये कनाल द्यू मिदीच्या काठानं सायकलवर निघाले, तेव्हा मनात होती ती सावलीच. तुलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या खाऱ्या सरोवरापर्यंत सुमारे 240 किलोमीटरचा हा कालवा. मिठाच्या कराची वसुली करणाऱ्या पिएर-पोल रिके या माणसानं तो चौदाव्या लुईच्या गळी उतरवला. 1666मध्ये राजाज्ञा निघाली आणि 1681मध्ये कालवा खुला झाला. रिके त्याच्या काही महिने आधी, 1680च्या ऑक्टोबरमध्ये वारला. त्यानं यात स्वतःची संपत्ती ओतली होती. त्याची खरी करामत मात्र पाण्याची आहे. अटलांटिक आणि भूमध्य या दोन बाजूंच्या मधला उंचवटा नोरूझपाशी, समुद्रसपाटीपासून 189 मीटरवर. तिथं नावा चढवायच्या तर पाणी त्याहून उंचावरून आणायला हवं. रिकेनं मोंतान्य न्वारच्या डोंगरातले ओढे वळवले, सँ-फेरेऑलला मातीचं प्रचंड धरण बांधलं आणि चर खणून पाणी नोरूझला आणलं. आमच्या भाटघरसारखंच, डोंगरातला पाऊस साठवून लांबवर न्यायचा. या कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं होती आणि त्यांत बायकाही बऱ्याच होत्या. पावसाच्या आणि आजारपणाच्या दिवसांचीही मजुरी मिळे. हे वाचल्यापासून रिके मला आवडतो. आजीला खाडा पडला की रोज बुडायचा.

जुलैचा दिवस. त्रेब गावातून आम्ही उजाडताच निघालो. पुस्तकांतल्या चित्रांत या कालव्यावर दोन्ही काठांच्या प्लेन झाडांची हिरवी कमान असते. प्लेन म्हणजे काश्मीरच्या चिनाराच्या नात्यातलं झाड, खोडावर फिक्या-गडद ठिपक्यांची साल. अशी सुमारे 42,000 झाडं इथं होती, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेली. त्यांच्या मुळांनी काठ धरला, सावलीनं पाण्याची वाफ कमी केली आणि नावा ओढणाऱ्या घोड्यांना गारवा दिला. 1787मध्ये थॉमस जेफरसन या कालव्यानं गेला तेव्हा ही कमान नव्हती. त्यानं आपल्या बग्गीची चाकं काढून ती नावेवर चढवली, वाटेल तेव्हा उतरून काठानं चालला आणि नाइटिंगेल पक्ष्यांचं गाणं ऐकत गेला. पण तो मे महिना होता.

त्रेब सोडल्यावर थोड्याच वेळात कमान संपली. मार्सेयेतच्या पुढं दोन्ही काठ उघडे. कापलेल्या खोडांचे बुंधे, मधूनमधून काठीला बांधलेली रोपटी. 2006मध्ये याच त्रेबजवळ झाडांत एक बुरशी सापडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ती फ्रान्समध्ये आली. ती खोडात शिरली की झाडाचं पाणी वर चढणं थांबतं आणि काही वर्षांत झाड वाळतं. पाण्यातून पसरते, नावा मुळांना घासल्या की जखमेतून शिरते. उपाय एकच, रोगट झाड आणि आजूबाजूची झाडं तोडून जाळायची. निम्म्याहून अधिक झाडं गेली आहेत. हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. तरी दहाच्या उन्हात त्या उघड्या काठावर सायकल रेटताना मला रडू आलं आणि मैत्रीण काही न बोलता शेजारून चालवत राहिली.

अकरानंतर सिकाडा किड्यांचा किरकिराट सुरू झाला आणि दिवसभर थांबला नाही. वाट मातीची आणि पांढरट, त्यावरून ऊन उलटून तोंडावर येतं. डावीउजवीकडे मिनेर्व्हवाचे द्राक्षमळे, त्यांत सावली नाही. 28 जून 2019 रोजी शेजारच्या एरो जिल्ह्यात, व्हेरार्ग इथं 46 अंश तापमान नोंदलं गेलं. फ्रान्समधला तो उच्चांक. आम्हाला तेवढं ऊन नव्हतं, पण बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम झालं होतं आणि ओंप्सला पोचेपर्यंत ते संपलं. दुपारची वेळ, बेकरी बंद, दारं-खिडक्या बंद, रस्त्यावर माणूस नाही.

“दफनभूमी शोध,” मैत्रीण म्हणाली. फ्रान्समध्ये लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांना हे माहीत असतं. गावाच्या दफनभूमीत थडग्यांवरच्या फुलांसाठी नळ असतो, आणि पिण्याजोगं नाही अशी पाटी नसली तर ते पाणी पितात. भिंतीलगत सायप्रसची झाडं होती, फाटक उघडं. मी नळाखाली डोकं धरलं, मग पोटभर प्याले. एका थडग्यापुढची कुंडी कोरडी पडली होती, तिला पाणी घातलं. आमच्याकडे वैशाखात पाणपोई घालतात ती बहुधा कुणाच्या तरी नावानं, गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ. आजी गेल्यावर बाबांनी तिच्या नावानं घातली होती. सायप्रसखाली आम्ही चार वाजेपर्यंत पडून राहिलो.

लॉक म्हणजे नावा चढवायची-उतरवायची पाण्याची दारं. अर्झांसच्या लॉकनंतर 54 किलोमीटर एकही लॉक नाही. एका पातळीत राहण्यासाठी कालवा टेकड्यांच्या अंगानं वळत जातो. रेपूद्र ओढ्यावरून तो दगडी पुलावर चढून जातो. पूल 1676चा. पाण्यावरून पाणी नेणारा हा पूल मी बराच वेळ पाहत राहिले, पुढचं अंतर बाकी असूनही. ल सोमायला जुन्या झाडांची रांग अजून शिल्लक होती. तिच्याखाली शिरल्यावर मैत्रीण ओरडली, “हळू चालव गं, संपेल!” आम्ही पायी चाललो.

नवी लागवड सगळी एका जातीची नाही. रोगाला टिकणाऱ्या प्लेनबरोबर ओक आणि इतर झाडंही आहेत, म्हणजे एका बुरशीनं सगळं जाणार नाही. लागवडीच्या खर्चाला सामान्य लोकांनीही देणग्या दिल्या आहेत. पंचवीस-तीस वर्षांनी तिथं सावली होईल.

परत आल्यावर मी आमच्या कॅनॉलच्या भरावावर झाडं लावण्याचा विषय काढला. पाटबंधारे खात्यातले अभियंते म्हणाले, भरावात मुळं गेली तर पाणी झिरपून भराव फुटतो. त्यांचं खरं आहे. आमचा भराव मातीचा, आणि खाली लोकांची घरं आहेत. भरावाच्या पायथ्यापासून लांब, बांधावर करंज आणि चिंच लावायला त्यांची हरकत नाही. हरकत आहे ती शेतकऱ्यांची. सावलीत ऊस खुंटतो, आणि कर्ज काढून ऊस लावणाऱ्याला हे सोसायला सांगणं सोपं नाही. चुलत्यांनी त्यांच्या बांधावर, विहिरीच्या अंगाला, जागा दिली आहे. तिथं दोन चिंचा आणि करंजांची रांग लागली. पलीकडच्या शेताच्या मालकांशी दिवाळीनंतर बसायचं ठरलं आहे. उसाऐवजी तिथं गवताचा पट्टा सोडला तर जनावरांचं काय भागेल, याचा हिशेब ते मागताहेत.