औषधालासुद्धा

एखादी वस्तू मुळीच नाही हे सांगायचे असले, की आपण म्हणतो, 'औषधालासुद्धा नाही!' हा वाक्प्रचार मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. पण औषध डोळ्यांसमोर असावे आणि तरी ते औषधालासुद्धा नसावे, असा चमत्कार कुठे घडतो हे मला कळले ते किकुयू लोकांच्या वैद्यकाविषयी वाचताना!

केनिया पर्वताच्या दक्षिणेकडील हिरव्या उतारांवर या लोकांची वस्ती. त्यांचा वैद्य म्हणजे 'मुंडू मुगो'. स्वारी अर्धी वैद्य, अर्धी दैवज्ञ! भोपळ्यातून बिया ओतायच्या, मोजायच्या, दुखण्याचे मूळ शोधायचे आणि मग मुळ्या-सालींकडे वळायचे. 'मुथिगा' नावाच्या झाडाची साल मिऱ्यासारखी तिखट. ती चघळून रस गिळला, की खोकल्याला आणि पोटदुखीला उतार पडतो असे मानतात. रेल्वे बांधायला तिकडे गेलेले आपले हिंदी मजूर याच झाडाचा पाला कालवणात घालीत, असेही सांगतात. तिखटावाचून आपले घोडे कुठे अडत नाही म्हणावे!

रूटलेज पतिपत्नींनी १९१० साली किकुयूंवर ग्रंथ लिहिला. त्यांनी जमवलेल्या वस्तू आज ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये आहेत. अशा वस्तू काचेआड सुखरूप राहतात. वाळलेल्या वनस्पतींना तर कीड लागू नये म्हणून पूर्वी पाऱ्याचे विषारी क्षार लावीत. रोग्याला बरे करणारे पान टिकवायचे, ते त्याला विष पाजून! यापुढे ते कोणी तोंडात घालायचे नाही, एवढे मात्र नक्की झाले.

पण खरे औषध पानात तरी कितीसे असते? माझी आई बाळगुटी उगाळायची. वेखंडाचे किती वळसे, जायफळाचे किती, हे बाळाचे पोट चाचपून तिची बोटे ठरवीत. तिची सहाण आणि गुटीचा डबा आजही आमच्या घरी आहे. वळशांचा हिशेब तिच्याबरोबर गेला.

केनियातच १९०३ साली जन्मलेल्या आणि किकुयू भाषा लहानपणापासून बोलणाऱ्या लुई लीकींना हे ठाऊक असावे. १९३७ ते १९३९ या काळात त्यांनी किकुयू वडीलधाऱ्यांजवळ बसून जुन्या चालीरीती लिहून घेतल्या. त्यांचे तीन खंड छापून निघाले ते मात्र १९७७ साली, लीकींच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी! सांगणारे आणि लिहिणारे, दोघांच्याही हयातीत छापण्याइतकी घाई कोणाला नव्हती.

परदेशी नेलेल्या वस्तू परत द्याव्यात की नाही, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. मला तातडी वाटते ती निराळीच. ती साल हुंगून 'ही अमक्यासाठी, एवढीच घ्यायची' असे सांगणारी एखादी म्हातारी त्या उतारांवर अजून असेल, तर तिच्यापाशी आधी कोणीतरी जाऊन बसले पाहिजे. कपाट काय, शंभर वर्षे थांबेल. म्हातारी थांबणार नाही.