पाण्यातला चेहरा

आमच्या शाळेच्या जुन्या स्मरणिका चाळल्या तर खेळाडूंची छायाचित्रे पुष्कळ आढळतात. खेळ मात्र आढळत नाही. हार घातलेले पाहुणे, मध्यभागी ढाल, दोन्ही बाजूंना ताठ उभी मुले आणि मागे वसतिगृहाची भिंत. कबड्डीचा संघ असो की लेझीमपथक, चित्र एकच. या खेपेस संपादक मंडळाने आम्हा दोघा माजी विद्यार्थ्यांवर एक काम सोपविले : विभागीय शालेय जलतरण स्पर्धेत उतरलेल्या आपल्या मुलामुलींची छायाचित्रे शर्यत चालू असतानाच घ्यावीत. लग्नकार्ये, धम्म परिषदा, मिरवणुका आमच्या कॅमेऱ्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. पोहण्याची शर्यत प्रथमच.

धावपटू आरंभापासून अखेरपर्यंत डोळ्यांसमोर असतो. जलतरणपटूचा चेहरा पाणी क्षणभर दाखविते आणि लगेच झाकून घेते. त्यात टोपी आणि गॉगल, त्यामुळे आपलेच मूल ओळखू येत नाही. हाती मार्गिकांची यादी असावीच लागते. ८ मार्गिकांच्या तलावात सर्वांत वेगवान स्पर्धकास ४ क्रमांकाची मार्गिका मिळते, त्याच्या खालोखाल वेळ असलेल्यास ५ क्रमांकाची, हेही आम्हांस तेथेच कळले.

स्पर्धेच्या आधी चार दिवस आम्ही सरावास जाऊन बसलो. प्रशिक्षक सरांनी एकच सूचना केली, “तोंड शोधू नका, हात मोजा.” ती फार मोलाची ठरली. फ्रीस्टाइलमध्ये श्वासासाठी मान बाजूला वळते, आणि बहुतेक मुलांची एक आवडती बाजू असते. छायाचित्रकाराने त्याच बाजूस बसावे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये प्रत्येक हातामागे चेहरा समोरून वर येतो. बटरफ्लायमध्येही तो समोरूनच येतो, पण अनेकजण एक हात सोडून श्वास घेतात. म्हणून मोजदाद हवी. या दोन प्रकारांसाठी मार्गिकेच्या टोकाशी, जवळजवळ फरशीला पोट टेकून, पाण्याच्या पातळीवर भिंग आणावे. बॅकस्ट्रोकमध्ये चेहरा आकाशाकडे असतो, त्यासाठी प्रेक्षकांच्या पायऱ्या बऱ्या.

यंत्राच्या बाजूने सांगायचे तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून मंद ठेवू नये, नाहीतर थेंबांच्या रेघा होतात. उघड्या तलावावर सकाळचे ऊन पांढऱ्या तुषारांवर पडले की ते कोऱ्या कागदासारखे उमटतात. तेव्हा प्रकाश किंचित कमीच घ्यावा. आणि आरंभाच्या वेळी फ्लॅश मुळीच नको : आरंभाच्या ध्वनीबरोबर दिवाही चमकविण्याची पद्धत आहे, त्यात आपली चमक मिसळली तर मुलांची फसगत होईल.

पाण्यातील छायाचित्राचे मोल किती असते याचे उदाहरण २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये आहे. १०० मीटर बटरफ्लायमध्ये मायकेल फेल्प्स ५०.५८ सेकंदांत आला आणि मिलोराद चाविच ५०.५९ मध्ये; भिंतीला आधी कोणाची बोटे लागली हे पाण्याखालच्या छायाचित्रांतच लोकांना नीट दिसले. त्याच स्पर्धेत आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडेही पोहला होता. आणि सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांच्या विक्रमासह आणले, हे आमच्या मुलांनी पाठ करून ठेवावे असे आम्हांस वाटते.

आता खरी अडचण सांगतो. नववीतील एका मुलीच्या वडिलांचा कारखान्यावरून फोन आला. ते ऊसतोडीस गेले होते. “पोहण्याच्या कपड्यांतला फोटो पुस्तकात छापू नका, सर. गावात चार तोंडं बोलतात.” मुलगी मामाच्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेली, आता ती ५० मीटर बटरफ्लायमध्ये उतरणार होती. वडिलांचे भय आम्हांस खोटे वाटले नाही. आम्ही ठरविले की मुलींची छायाचित्रे फक्त त्या पाण्यात असताना घ्यायची, आणि त्यांनी व घरच्यांनी पाहिल्यावाचून एकही छापायचे नाही. उडीचे चित्र सर्वांना आवडते, ते आम्ही सोडून दिले. त्यात आमचे काही गेले असे आजही वाटत नाही.

ती ६ क्रमांकाच्या मार्गिकेत होती. दुसऱ्या हाताला श्वास, हे आम्ही मोजून ठेवले होते. एका चित्रात तिचे डोके पाण्याबाहेर येत आहे, परंतु पाणी अजून फुटलेले नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत काचेसारखा पातळ पडदा, आणि त्याच्या आत उघडलेले तोंड. दोन्ही हात पंखांसारखे मागे. ती चौथी आली. मंडळातील काहींचे म्हणणे पडले की पृष्ठ पदकविजेत्यांना द्यावे. आम्ही हट्ट धरला.

छायाचित्र घेऊन तिच्या घरी गेलो. वडील हंगाम संपवून आले होते. त्यांनी ते उजेडात धरून पाहिले आणि न बोलता आपल्या आईकडे दिले. आजींच्या लहानपणी विहिरीवर वरून कोणी ओंजळीत ओतील तेव्हा पाणी मिळे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगणे नको. आजींच्या गावी तो दिवस पोहोचायला पुढे कितीतरी वर्षे लागली. त्यांनी चित्रावरून बोट फिरविले.

“एवढं पाणी? एकट्या पोरीला?”

वडील हसले. “छापा, सर,” म्हणाले.

मुलीने ते आजीच्या हातून काढून घेतले, बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाली, “हनुवटी फार वर येते माझी. म्हणूनच कंबर खाली जाते. हे मला द्या, प्रशिक्षक सरांना दाखवायचं आहे.”