काळ्या खिडकीतले एफएफएमपेग

या, ओळख करून देतो. हे एफएफएमपेग, व्हिडिओ आणि आवाजाच्या फाइली एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणारा प्रोग्राम. 2000 साली फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने यांना जन्म दिला. यांना ना बटणं, ना रंगीत चेहरा. राहतात कमांड लाइनच्या काळ्या खिडकीत. फुकट काम करतात, जाहिरात दाखवत नाहीत.

मानाचे मात्र भुकेले. हाक मारली की आधी स्वतःची बिरुदावली म्हणणार: आवृत्ती कोणती, कशाकशासह बांधलेत, ओळीच्या ओळी. मग कामाला हात.

रागही नाकावर. हुकमातला एक शब्द इनपुट फाइलच्या आधी लिहायचा तो नंतर लिहिला, की अर्थच फिरवतात. पण त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर पुसण्यापूर्वी विचारतात, आणि तुम्ही नुसतं एंटर दाबलंत तर ते 'नाही' असंच धरतात.

बालाघाटच्या स्टुडिओत लग्नसराईत यांचं खरं रूप दिसतं. कॅमेऱ्यातली एमटीएस फाइल मोबाइलवर बऱ्याचदा चालत नाही; आतलं चित्र मात्र बहुधा एच.264 असतं, म्हणजे मोबाइलला चालणारंच. तेव्हा 'सी कॉपी' एवढं सांगायचं. पूर्वी गोंदियाहून मोठ्या लाइनने (ब्रॉडगेजने) येऊन आपण बालाघाटला छोट्या लाइनच्या (नॅरोगेजच्या) गाडीत बसायचो ना, तसं: डबा बदलला, माणसं तीच. तासाभराचं लग्न बघता बघता एमपी4 होतं आणि चित्राला ओरखडा नाही.

जुन्या डीव्हीडीचं तसं नाही. तिच्यातलं एमपेग-2 नव्याने कोडावं लागतं, आणि त्यात थोडं काहीतरी जातंच. वरमाला घालताना हाताच्या कडेला दातेरी रेघा दिसतात, त्या हे 'यादिफ' गाळणीने काढतात. दर्जाचा आकडा सांगितला नाही तर 23 धरतात. आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला; घरच्या आठवणींसाठी मी 18 ठेवतो. फाइल फुगते, फुगू द्या.

एक खोड वाईट: सल्ला देत नाहीत. 128 च्या एमपी3 ची 320 करा म्हटलं तर निमूट करतात. फाइल मोठी होते, गेलेला आवाज परत येत नाही.

काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तर हँडब्रेक हा प्रोग्राम घ्या. त्याला बटणं आहेत आणि आतून तो यांच्याच जिवावर चालतो. फक्त तो चित्र दरवेळी नव्याने कोडतो. फाइल बदलून घ्यायला कुठल्याशा अनोळखी साइटवर घरचं लग्न चढवू नका. आणि नवी फाइल शेवटपर्यंत, आवाजासकट पाहिल्याशिवाय मूळ डीव्हीडी टाकू नका.