१७ तासांचा हिशेब

माझ्या सासूबाई गोकाकच्या. घरात मराठी बोलायच्या, पण काळजी वाटली की कन्नडमध्ये शिरायच्या. माझा मुलगा नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला निघाला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "एष्टु दूर?"

नातवाने पृथ्वीचा गोल काढला आणि अज्जीच्याच वातीच्या सुताने बेंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को अंतर मोजून दाखवलं. नकाशावर वाटतं, समुद्र ओलांडून आडवं जावं. पण सूत ताणलं की ते वर सरकून उत्तर ध्रुवाजवळून जातं. अंतर सुमारे १४,००० किलोमीटर. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आडवाट काढली म्हणायची!"

जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं थेट विमान तिथून ध्रुवाकडच्या वाटेने बेंगळुरूला आलं. चालवणाऱ्या सगळ्या महिला वैमानिक. ९ तारखेला रात्री निघालेलं विमान ११ च्या पहाटे उतरलं. प्रवास १७ तासांचा. बाकीचे साडेतेरा तास घड्याळांतल्या फरकाचे. मी सासूबाईंना वाचून दाखवलं, "फक्त १७ तास!" तो आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला. चुकले ते तिथेच.

पुढच्याच वर्षी, डिसेंबरात सासूबाईंना ताप आला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ठेवावं लागलं. तरी मी मुलाला कळवलं नाही. उगाच कशाला घाबरवायचं? वेळ आलीच तर १७ तासांत येईल.

मंगळवारी रात्री नऊला डॉक्टरांचा चेहरा पाहून फोन केला. त्या दिवशी थेट विमान नव्हतं. दुबईमार्गे तिकीट मिळालं. तिथे पाच तास थांबायचं. पुढे बेंगळुरूहून सांबऱ्याच्या विमानात जागा नाही, म्हणून ५०० किलोमीटर गाडीने. फोन केल्यापासून तो दारात येईपर्यंत ४५ तास गेले.

सासूबाई बुधवारी दुपारीच गेल्या. शुद्धीत होत्या तोवर दाराकडे बघून विचारत होत्या, "बंदना?" आला का?

दुबईहून त्याचा फोन आला, "अज्जी कशी आहे?" परक्या विमानतळावर तो एकटा बसलेला. मी म्हटलं, "शांत झोपल्यात." खरं बेंगळुरूला उतरल्यावर सांगितलं. गुरुवारी सकाळी अंत्यविधी झाला, संध्याकाळी तो पोहोचला. शुक्रवारी राख सावडायला तेवढा मिळाला.

तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "आई, ताप आला त्याच दिवशी सांगायचं होतंस. यायचं की नाही, ते मी ठरवलं असतं."

आपल्याकडे आता घरटी एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशात आहे. त्यांना घाबरवायचं नाही म्हणून आपण गप्प राहतो. विमानाचे तास कंपनी सांगते. तिकीट मिळेपर्यंतचे, मधे थांबण्याचे, बेंगळुरूहून घरापर्यंतचे तास आपणच धरायचे असतात. हल्ली यांना नुसता खोकला झाला तरी मी मुलाला सांगते. तो हसतो. हसू दे.