गोंदिया ते नवेगावबांध : सायकलवरील तीन दिवस

१९८५ सालची गोष्ट. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १९९९ मध्ये झाला. बँकेत कर्जविभाग माझ्याकडे होता. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी अर्ध्या दिवसाचे कामकाज आटोपून मी सायकलने नवेगावबांधकडे निघालो. जाऊन-येऊन सुमारे १३० किलोमीटरचा प्रवास होता.

गिरण्यांचा कोंडा मागे पडला आणि दुतर्फा धानाच्या बांधी सुरू झाल्या. कापणी जोरात होती. गोरेगाव ओलांडल्यावर चाक पंक्चर झाले. मदतीला आलेल्या शेतकऱ्याने मला ओळखले, मीही त्यांना ओळखले. बैलजोडीसाठी त्यांनी केलेला अर्ज मीच उन्हाळ्यात परत पाठवला होता. जमीन कोरडवाहू समजून मी उत्पन्नाचा हिशेब मांडला होता आणि त्यात हप्ता बसत नव्हता.

त्यांनी त्याविषयी अवाक्षर काढले नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा माझा नियम कळताच घरात चूल पेटली. जेवणानंतर ते मला तलावाच्या पाळीवर घेऊन गेले. तो जुना मालगुजारी तलाव होता. लोक त्याला मामा तलाव म्हणतात. त्याचा पाट थेट त्यांच्या बांधीपर्यंत येत होता. “साहेब, हे पाणी अर्जात लिहायचे राहून गेले,” एवढेच ते म्हणाले. लिहायचे त्यांच्याकडून राहिले होते, विचारायचे माझ्याकडून. त्या हंगामात त्यांनी भाड्याच्या बैलांवर शेती केली होती.

दुसऱ्या दिवशी कोहमारामार्गे नवेगावबांधला पोहोचलो. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधल्याचे सांगितले जाणारे ते विस्तीर्ण जलाशय, सभोवतीच्या टेकड्या आणि पाण्यावर उतरलेले पक्षी पाहताना मन मात्र आदल्या दिवशीच्या पाळीवरच होते. डोंगरांमधील फटी बांधाने बुजवून पाणी अडवणाऱ्या त्या लोकांनी पुढील कित्येक पिढ्यांच्या धानाची तरतूद करून ठेवली होती. माझ्या वहीत त्या तरतुदीला रकानाच नव्हता.

सोमवारी परतलो आणि मंगळवारी तो अर्ज पुन्हा काढला. जागेवर जाऊन पाहणी केली, ओलिताची नोंद घेतली. कर्ज मंजूर झाले. सर्व हप्ते वेळेवर आले. तरीही त्यांचा एक हंगाम माझ्यामुळे गेला, तो परत देता आला नाही.

पुढे निवृत्तीपर्यंत शेत पाहिल्याशिवाय मी शेतकऱ्याचा एकही अर्ज परत पाठवला नाही. आपल्यापैकी अनेकांचा व्यवहार धान-तांदळाचा आहे. जमल्यास एकदा हिवाळ्यात मुलांना घेऊन या रस्त्याने जावे आणि आपल्या गोदामात येणारा दाणा कोणत्या पाण्यावर पिकतो, ते पाळीवर उभे राहून पाहावे.